कुंडली आणि आरसा



स्मरणिकेसाठी एखादा अभ्यासलेख द्यावा, असे संस्थेच्या कार्यकर्त्यांनी सुचविले तेव्हा विषय शोधायला आम्हाला फार लांब जावे लागले नाही. आमच्या परिचयातील एका बौद्ध कुटुंबातल्या मुलीची सोयरीक ठरता ठरता मोडली. मुलगी शिकलेली, परिचारिकेची नोकरी करणारी. मुलगा अभियंता. दोन्ही घरांच्या भिंतींवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. दोन्ही घरची मंडळी दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तनदिनी सिंदी स्टेशनावरून गाडी पकडून दीक्षाभूमीवर जाणारी. सगळे पसंत पडले, आणि मग मुलाच्या आत्याने मोबाईलवर दोघांच्या जन्मतारखा टाकून पत्रिका काढली. मुलीला मंगळ निघाला. चार दिवसांनी निरोप आला, "सध्या थांबू."

ती मुलगी आमच्याकडे आली आणि तिने एकच प्रश्न विचारला, "काका, माझ्यात काय दोष आहे?"

या प्रश्नाने आम्ही फार अस्वस्थ झालो. मंगळ नसतोच, असे सांगून तिची समजूत घालणे सोपे होते, आणि तसे आम्ही सांगितलेही. पण ती गेल्यावर वाटत राहिले की प्रश्न तेवढाच नाही. माणसाला आपण कसे आहोत, आपल्यात काय उणे आहे, पुढे काय करावे, हे जाणून घ्यायची भूक असते. ती भूक खोटी नाही. ज्योतिषी त्या भुकेवर जगतो. तेव्हा कुंडली नाकारणाऱ्या बौद्धाकडे ही भूक भागविण्यासाठी दुसरे काही आहे की नाही, याचा विचार व्हायला हवा, म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवात आपल्याच घरातून करू. आम्ही बँकेत कारकून आहोत. खातेदारांची कागदपत्रे तपासताना वर्षानुवर्षे एक गोष्ट दिसते. साठीच्या पुढचे आपले जे लोक आहेत, त्यांच्यापैकी कितीतरी जणांची जन्मतारीख 1 जुलै आहे. काहींची 1 जून. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. बाप मुलाला शाळेत घेऊन गेला, गुरुजींनी वय विचारले, बापाला सांगता आले नाही. गुरुजींनी मुलाकडे पाहून अंदाज केला आणि रजिस्टरमध्ये 1 जुलै लिहून टाकले. आमच्या वडिलांचीही तारीख तीच. आमची आजी सांगायची, "पोळ्याच्या आठ रोज आंधी झाला, पाणी लय होतं." एवढीच आमच्या वडिलांची जन्मपत्रिका. वर्ष नाही, वार नाही, मग घटका-पळे कुठली?

आता जन्मवेळेवाचून कुंडली मांडता येत नाही. लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते. म्हणजे शास्त्र खरे मानले तरी आपल्या दोन-तीन पिढ्यांना ते लागूच नव्हते. त्यांना कोणी पत्रिका करून दिली नाही, कारण ज्याची सावली चालत नव्हती त्याच्या दारात पंचांग घेऊन कोण बसणार? आणि हेच बिनपत्रिकेचे लोक 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला उभे राहिले आणि त्यांनी आपला जन्म बदलून घेतला. त्यांचे नातू आज मोबाईलवर बोट टेकवून विचारतात, माझ्या नशिबात काय आहे! हे पाहून हसावे की रडावे, कळत नाही.

त्यातही एक गंमत आहे. 1 जुलै या तारखेचा माणूस इंग्रजी पद्धतीने रविरास पाहील तर ती कर्क निघते. आपल्याकडच्या निरयन पंचांगाप्रमाणे त्या दिवशी सूर्य मिथुन राशीत असतो. दोन्ही पद्धतींत आज सुमारे चोवीस अंशांचे अंतर पडले आहे, कारण पृथ्वीचा आस हळूहळू फिरतो. मग हा गृहस्थ कर्केसारखा हळवा की मिथुनेसारखा बोलका? आणि मुळात तो जन्मला होता पोळ्याच्या आधी! गुरुजींच्या लेखणीने ठरलेल्या तारखेवर लोक स्वतःचा स्वभाव वाचतात आणि "अगदी तंतोतंत जुळते" म्हणतात, हे आम्ही काउंटरवर स्वतःच्या कानांनी ऐकले आहे.

पोळ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. "आज अमावस हाय ना भाऊ, फिक्स उद्याच करतो," असे म्हणून पैसे परत घरी नेणारे खातेदार आम्हाला दर महिन्याला भेटतात. पण शेतकऱ्याचा सर्वांत मोठा सण, पोळा, हा अमावस्येलाच येतो. दिवाळीतले लक्ष्मीपूजनही अमावस्येलाच. आपल्या सिंदीचा तान्हा पोळा पाहायला बाहेरगावचे लोक येतात. तो अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी. बैलांना अमावस्या चालते आणि मुदतठेवीला चालत नाही, याचा उलगडा आम्हाला आजवर कोणी करून दिलेला नाही.

आता त्या मुलीच्या मंगळाकडे वळू. महाराष्ट्रात रूढ असलेल्या समजुतीप्रमाणे कुंडलीच्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की मंगळदोष. स्थाने एकूण बारा. मंगळ कुठेतरी असणारच. म्हणजे बारांपैकी पाच स्थाने दोषाची. शंभर माणसांत सुमारे बेचाळीस मंगळी. एवढ्या लोकांचा जोडीदार संकटात येणार असता, तर गावोगावी निम्मी घरे विधुर-विधवांची झाली असती. साडेसातीचेही तेच. शनीला सूर्याभोवती एक फेरी करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत तो अंदाजे अडीच वर्षे राहतो. आपली चंद्ररास, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तीन राशी धरल्या की साडेसात वर्षे. बारांत तीन राशी म्हणजे कोणत्याही क्षणी जगातल्या दर चार माणसांपैकी एकाला साडेसाती चालू असते. चारातल्या एका माणसाला कोणत्याही साडेसात वर्षांत काही ना काही दुःख होणार, यासाठी शनीची गरज आहे काय? हा हिशेब चौथीतल्या मुलालाही करता येईल. भीती वाटू लागली की माणूस हिशेब करायचे सोडून देतो, एवढेच.

फेब्रुवारी 1962 मध्ये मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले, तेव्हा जग बुडणार म्हणून देशभर यज्ञ झाले, मणावारी तूप जाळले गेले. जग बुडाले नाही. तूप मात्र गेले.

तरीही कोणी म्हणेल, वाईट ज्योतिषी खोटे असतील, शास्त्र खोटे कशावरून? याचीही परीक्षा आपल्या महाराष्ट्रात झालेली आहे आणि विद्यार्थ्यांनी ती मुद्दाम माहीत करून घ्यावी. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी 2008 साली पुण्यात, डॉ. नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि स्वतः पूर्वी ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांच्यासह एक चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुले अशा दोनशे मुलांच्या जन्मवेळा गोळा करून पत्रिका तयार केल्या. ज्योतिषांना आवाहन केले की प्रत्येकाला चाळीस पत्रिका देऊ. कोणती हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची, एवढेच सांगा. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी चाळीसांत वीस बरोबर आली असती. ज्योतिषांची सरासरी वीसच्याही खाली राहिली. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या. तिची 102 उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकच. जिथे माणूस समोर बसलेला नाही, त्याचा चेहरा, कपडे, बोलणे, डोळ्यांतले पाणी दिसत नाही, तिथे पत्रिका मुकी होते.

याचा अर्थ काय? ज्योतिषी पत्रिका वाचत नाही, माणूस वाचतो.

हे आम्ही नुसते पुस्तकातून सांगत नाही. येथे आम्हाला एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी बढतीच्या परीक्षेत आम्ही दुसऱ्यांदा नापास झालो. घरात आईचे आजारपण, मुलांची फी. त्या काळात एका सहकाऱ्याच्या आग्रहाने आम्ही दुसऱ्या गावच्या एका ज्योतिषाकडे गेलो. विहारात प्रवचन करणारा माणूस लपतछपत ज्योतिषाकडे गेला! त्याने सांगितले, "तुम्ही दुसऱ्यासाठी खूप करता, पण तुमच्या कष्टांचे चीज होत नाही. तुमचा स्वभाव मृदू आहे, लोक त्याचा फायदा घेतात. वरून शांत दिसता, आतून काळजी करता." आम्ही थक्क झालो. एवढे अचूक याला कसे कळले? एकशे एक रुपये ठेवून, एक खडा बोटात घालून परत आलो. खडा दीड वर्ष बोटात होता. त्या दीड वर्षात आम्ही परीक्षेचे पुस्तक उघडले नाही, कारण काम खड्यावर सोपवले होते.

पुढे वाचनात आले की बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला स्वतंत्र म्हणून एक स्वभाववर्णन दिले. हे तुम्हाला किती लागू पडते, पाचांपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी गुण चाराच्या वर पडले. नंतर त्याने सांगितले की सगळ्यांना दिलेला कागद एकच होता, आणि त्यातली वाक्ये फुटपाथवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. ते वाचताना आम्हाला आमचा एकशे एक रुपयांचा कागद आठवला. कष्टांचे चीज होत नाही, असे न वाटणारा कारकून आम्ही अजून पाहिलेला नाही.

पण त्या ज्योतिषाबद्दल एक गोष्ट आम्ही प्रामाणिकपणे नोंदवतो. त्याने आमचे पाऊण तास ऐकून घेतले. मध्ये घड्याळ पाहिले नाही, उपदेश केला नाही. त्या महिन्यात आमचे एवढे कोणीच ऐकले नव्हते; घरच्यांनी नाही, विहारातल्या बांधवांनी नाही. आपण भाषणात ज्योतिषावर टीका करतो आणि मंडपातून उठलेला दुःखी माणूस त्याच्याकडेच जातो, याचे कारण येथे आहे.

महात्मा फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात शेतकऱ्याला जन्माच्या आधीपासून मरेपर्यंत जोशी-भटजी कसे नाडतात, याचा तपशीलवार पाढा आहे. त्यात जन्मपत्रिका आहे, ग्रहांची भीती आहे, जपजाप्य आहे. जोतिरावांनी दाखवले ते लुटीचे अंग. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत ब्राह्मणाकडून विधी करवून न घेण्याची प्रतिज्ञा दिली, त्यामुळे ती लूट आपल्या दारातून गेली. पण आता पत्रिका काढायला ब्राह्मण लागत नाही. यंत्र लागते. प्रतिज्ञेचे अक्षर पाळून तिचा अर्थ बुडवायची सोय झाली आहे.

भगवंतांची या विषयातील भूमिका पाहू. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात आणि सामञ्ञफलसुत्तात शीलाचे जे विवेचन आहे, त्यात श्रमणाने कोणत्या विद्यांवर पोट भरू नये, याची लांबलचक यादी येते. ग्रहणांचे फळ सांगणे, नक्षत्रांची सुगती-दुर्गती सांगणे, शरीरावरील लक्षणे पाहणे, स्वप्नांचा अर्थ लावणे, विवाहाचे मुहूर्त काढणे हे सगळे त्यात आहे. त्यासाठी शब्द वापरला आहे 'तिरच्छानविज्जा', म्हणजे आडवाटेची विद्या. ती मुक्तीकडे नेत नाही, बाजूला घेऊन जाते.

जातककथांत 'नक्खत्तजातक' आहे. त्या मुलीला आम्ही ही कथा सांगितली. शहरातल्या एका कुटुंबाने खेड्यातली मुलगी मुलासाठी ठरवली, दिवस नक्की केला, आणि मग आपल्या कुलगुरू आजीवकाला विचारले की आज नक्षत्र चांगले आहे ना? आधी आपल्याला न विचारता दिवस ठरवला म्हणून त्याला राग आला. त्याने सांगून टाकले, आज गेलात तर अनर्थ होईल. मंडळी गेली नाहीत. खेड्यातल्या लोकांनी वाट पाहून, इज्जत जाईल म्हणून, त्याच मांडवात मुलगी दुसऱ्याला दिली. दुसऱ्या दिवशी शहरवाले वरात घेऊन हजर! भांडण जुंपले. तेव्हा एका शहाण्या माणसाने समजावले की नक्षत्र बघत बसलेल्याच्या हातून काम निसटून जाते. मुलगी मिळणे हेच नक्षत्र होते, आकाशातले तारे त्यात काय करणार? ही कथा ऐकून ती मुलगी त्या दिवसांत प्रथमच हसली. म्हणाली, "म्हणजे आत्याबाई अडीच हजार वर्षांपासून आहेत."

पण तथागतांचा विरोध आकाशाकडे पाहण्याला नव्हता, हेही ध्यानात घ्यावे. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. अरण्यात राहणाऱ्या भिक्खूंकडे चोर आले. पाणी आहे का, विस्तव आहे का, असे विचारता विचारता त्यांनी विचारले, आज चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे, ही दिशा कोणती? भिक्खूंना काहीच सांगता आले नाही. पाणी नाही, विस्तव नाही, नक्षत्र ठाऊक नाही, दिशा ठाऊक नाही. हे भिक्खू नाहीतच, म्हणून चोरांनी त्यांना मार दिला. हे कळल्यावर भगवंतांनी नियम घातला की अरण्यवासी भिक्खूने नक्षत्रे आणि दिशा शिकून घ्याव्यात. रात्र किती झाली, पक्ष कोणता, उपोसथ कधी, वाट कोणती, यासाठी आकाश वाचायचे. आपणही वैशाख पौर्णिमा चंद्रावरूनच धरतो. आकाश हे घड्याळ आहे. घड्याळाने वेळ सांगावी, आपला स्वभाव सांगू नये.

अभ्यासवर्गात विद्यार्थी हमखास विचारतात की, असित ऋषींनी बाल सिद्धार्थाचे भविष्य सांगितलेच ना? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी तो प्रसंग ठेवला आहे. खरे आहे. पण पुढे काय केले ते पाहा. परंपरेने सांगितले होते की म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले. ग्रंथाच्या परिचयातच बाबासाहेब विचारतात की एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर ही दृश्ये पाहिली नव्हती, हे पटते काय? त्यांनी त्या जागी रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा तंटा ठेवला. संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने विरोध केला, मतदानात तो हरला. संघाने धमकी दिली: देहदंड किंवा देशत्याग, कुटुंबावर बहिष्कार, शेतजमीन जप्त. घरच्यांना झळ लागू नये म्हणून त्याने स्वतःहून परिव्रज्या पत्करली. आमच्या अल्पमतीप्रमाणे हा फार मोठा बदल आहे. पहिल्या गोष्टीत भाकीत खरे होण्यासाठी सिद्धार्थाला फक्त रथातून फिरायचे आहे. दुसरीत त्याला उभे राहून हात वर करायचा आहे, हरायचे आहे आणि किंमत मोजायची आहे. आपण कोण आहोत हे त्याला त्या सभेत कळले. असिताने सांगितले म्हणून नव्हे.

काही बांधव म्हणतात, श्रीलंका-ब्रह्मदेशातले बौद्ध तर ज्योतिष मानतात. मानतात. ब्रह्मदेशाने स्वातंत्र्याचा मुहूर्त ज्योतिषांना विचारून 4 जानेवारी 1948 ला पहाटे चार वाजून वीस मिनिटांचा धरला. त्यानंतर त्या देशाने यादवी आणि लष्करशाही किती भोगली हे आपण जाणतो. श्रीलंकेच्या महिंदा राजपक्ष यांनी ज्योतिषाच्या सल्ल्याने मुदतीआधी निवडणूक घेतली आणि 8 जानेवारी 2015 रोजी ते हरले. देश बौद्ध आहे म्हणून चाल बौद्ध ठरत नाही.

मग स्वतःला ओळखायचे कसे? यासाठी मज्झिमनिकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे. राहुल तेव्हा लहान होता. अट्ठकथा त्याचे वय सात सांगते. भगवंत त्याला विचारतात, आरसा कशासाठी असतो? तो म्हणतो, पाहण्यासाठी. मग ते सांगतात की कायेने, वाचेने, मनाने काही करण्यापूर्वी असेच पाहावे: यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा होणार आहे काय? करताना पुन्हा पाहावे. केल्यावर पुन्हा पाहावे. चुकले असेल तर जाणत्या सोबत्यापाशी ते उघड करावे आणि पुढे सांभाळावे. बापाने मुलाला दिलेली ही शिदोरी. यात ग्रह नाही, पूर्वजन्म नाही, कोणाची कृपाही नाही. आपले कर्म आणि आपली नजर. ज्याला कर्म म्हणायचे ती मुळात आपली चेतना, आपला हेतू आहे, असे भगवंतांनी अन्यत्र सांगितले आहे. हेतू तपासायला दुसऱ्याच्या दारात जावे लागत नाही.

आम्ही हे पंधरा दिवस वहीत करून पाहिले. करायचे ते असे. रात्री निजण्यापूर्वी दिवसातले एकच कृत्य घ्यावे, मोठे नको. मुलावर ओरडलो, उधारी मागायला आलेल्याला घरी नाही म्हणून सांगितले, असे काहीतरी. त्यापुढे लिहावे: आधी मनात काय होते, करताना काय वाटले, नंतर कोणाला काय झाले. गुण द्यायचे नाहीत. पश्चात्तापाचे निबंध लिहायचे नाहीत. आठव्या-नवव्या दिवशी आमच्या ध्यानात आले की आमचा राग बहुतेक वेळा दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान येतो, जेवण लांबलेले असते तेव्हा. आमचा शनी पोटात होता! विद्यार्थ्यांना आम्ही आग्रहाने सांगू की स्पर्धा परीक्षेत अपयश आले तर खडा घेण्याआधी ही वही घ्या. कोणत्या विषयात गुण गेले, किती तास खरोखर वाचले, किती तास वाचल्यासारखे केले, हे तिथे निघते. पण एक इशाराही द्यायला हवा. जागा थोड्या आणि अर्जदार लाखो असतील तर सगळे अपयश आपल्या वहीत शोधू नये. काही दोष व्यवस्थेचे असतात. त्यासाठी संघटित व्हायचे असते. कुंडली तेवढ्यासाठीही घातक आहे. ती बेकारीलाही ग्रहदशा म्हणते आणि माणसाला मोर्चातून उठवून देव्हाऱ्यासमोर बसवते.

आजकाल मार्गदर्शक, गुरू, शिबिरे यांचेही पेव फुटले आहे. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला आमचा विरोध नाही. इगतपुरीला जाऊन आलेल्या काही बांधवांचा राग, व्यसन कमी झालेले आम्ही पाहिले आहे. पण तिथून परतलेला माणूस "गुरुजींनी सांगितले" एवढ्याच आधारावर बोलू लागला की आम्हाला कालामसुत्त आठवते. परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरू म्हणतात म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखा, हे केसपुत्त गावच्या कालामांना सांगताना भगवंतांनी स्वतःलाही त्या पारखेतून वगळले नाही.

आरशालाही एक मर्यादा आहे. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. त्यासाठी संघात एक फार सुंदर व्यवस्था होती आणि आपण तिच्याकडे दुर्लक्ष केले आहे. वर्षावास संपतो त्या दिवशी भिक्खू एकत्र बसतात आणि प्रत्येकजण, अगदी ज्येष्ठसुद्धा, इतरांना विनंती करतो की माझ्या वागण्यात काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तुम्हाला शंका आली असेल, तर करुणेने सांगा, मी सुधारीन. यालाच पवारणा म्हणतात. आपल्या विहारांत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते, समारोपाला खीरदान होते, भाषणे होतात. पवारणा मात्र होत नाही. 'माझा दोष सांगा' असे म्हणणारा अध्यक्ष आम्ही अजून पाहायचा आहे.

म्हणून मागील वर्षावासाच्या शेवटी आम्ही सातजणांनी विहाराच्या ओट्यावर बसून हे करून पाहिले. ठरले असे की बोलणाऱ्याने एकच गोष्ट सांगायची, तीही स्वतः पाहिलेली. ऐकणाऱ्याने त्या दिवशी उत्तर द्यायचे नाही. आधी सगळे गप्प. नंतर एकमेकांच्या स्तुतीला सुरुवात झाली, ती थांबवावी लागली. शेवटी आमची पाळी आली. शेतमजुरी करणाऱ्या एक मावशी, ज्यांचे खाते आमच्याच शाखेत आहे, पदर सावरीत म्हणाल्या, "सायेब, राग नका मानू. स्लिप चुकली का तुमी फाडून टाकता अन् मोठ्यानं बोलता. मांगं लाईन असते. मले लाज वाटते. म्हून मी शेजारच्या पोरीले पाठवतो."

मृदू स्वभाव! एकशे एक रुपये देऊन घेतलेला तो कागद आम्हाला पुन्हा आठवला. नियमाप्रमाणे आम्ही उत्तर दिले नाही. ती रात्र मात्र झोपेवाचून गेली.

आता आम्ही काउंटरवर चार-पाच कोऱ्या स्लिपा आणि दोरीला बांधलेला पेन ठेवतो, आणि चुकलेली स्लिप फाडत नाही. तिच्या शेजारी दुसरी भरून देतो. मावशी स्वतः यायला लागल्या आहेत. अजून आवाज कधीकधी चढतो, विशेषतः दुपारी. ज्या मुलीमुळे हा लेख सुरू झाला, तिला आम्ही त्या बैठकीबद्दल सांगितले. ती म्हणाली, "काका, पुढच्या खेपेला मीही बसते. पण त्या मुलाकडच्यांनाही बोलवा." आश्विन पौर्णिमेला संध्याकाळी सात वाजता, विहाराच्या ओट्यावर, पुन्हा बसायचे ठरले आहे. निरोप दोन्ही घरी पाठविला आहे.